लुई सोळावा शैलीची खुर्ची

लुई सोळावा शैलीची खुर्ची हा अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये विकसित झालेला, हात असलेल्या व गादीने मढवलेल्या खुर्चीचा प्रकार आहे. खाली निमुळते होत जाणारे सरळ खाचेदार पाय, लंबवर्तुळाकार किंवा चौकोनी पाठ आणि प्राचीन ग्रीक-रोमन वास्तुकलेतून घेतलेले अलंकरण ही तिची प्रमुख लक्षणे होत. फ्रान्सचा राजा सोळावा लुई (कारकीर्द 1774–1792) याच्या नावाने ही शैली ओळखली जात असली, तरी तिचा उदय त्याच्या राज्यारोहणापूर्वीच, 1760 च्या दशकात झाला होता. आजही या घाटाच्या खुर्च्या तयार होतात. त्यामुळे हे नाव खुर्चीचा घाट सांगते, तिचे वय सांगत नाही.

संज्ञा

हाताच्या, पण हाताखालील बाजू मोकळ्या असलेल्या खुर्चीला फ्रेंचमध्ये 'फोतय' म्हणतात. बाजूही गादीने बंद केलेल्या, सुटी उशी असलेल्या रुंद खुर्चीला 'बेर्जेर' म्हणतात. मराठीत 'आरामखुर्ची' हा शब्द रेलून बसण्याच्या कापडी किंवा वेताच्या खुर्चीसाठी रूढ आहे. फोतय ही त्याहून वेगळी, ताठ बैठकीची खुर्ची होय.

व्यापारात 'अँटिक' हा शब्द सामान्यतः 100 वर्षांहून जुन्या वस्तूसाठी आणि 'व्हिंटेज' हा शब्द त्याहून अलीकडच्या, पण जुन्या काळातील वस्तूसाठी वापरला जातो. 1890 साली बनलेली खुर्ची अँटिक ठरते, परंतु ती सोळाव्या लुईच्या काळातील ठरत नाही. अशा खुर्चीचे वर्णन 'लुई सोळावा शैलीची' असे करतात, तर प्रत्यक्ष त्या राजवटीत बनलेल्या खुर्चीला 'लुई सोळावा काळातील' म्हणतात. 'शैली' आणि 'काळ' या दोन शब्दांतील फरकावर खुर्चीचे मूल्य मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

उदय

पंधराव्या लुईच्या काळात फ्रान्समध्ये रोकोको शैलीचा प्रभाव होता. त्या शैलीतील खुर्च्यांचे पाय वळणदार असत व कोरीवकामात शिंपले, लाटा आणि असममित वेलबुट्टी असे. इटलीतील हर्क्युलेनियम (1738) आणि पाँपेई (1748) या गाडल्या गेलेल्या रोमन नगरांचे उत्खनन सुरू झाल्यावर युरोपभर प्राचीन कलेविषयी नवे कुतूहल निर्माण झाले. वळणांचा अतिरेक नको, रेषा सरळ आणि रचना समतोल हवी, अशी अभिरुची पॅरिसमध्ये रुजू लागली. तिचाच आविष्कार फर्निचरमध्ये झाला.

रचना

या खुर्चीचा पाय लहान स्तंभासारखा दिसतो. त्यावर उभ्या खाचा असतात व तो खाली निमुळता होतो. पाय आणि बैठकीची चौकट जिथे मिळतात, तिथे लहानसा चौकोनी ठोकळा असून त्यावर फुलाची आकृती कोरलेली असते. रोकोको खुर्चीत पायाची रेषा चौकटीत मिसळून जाते. येथे मात्र सांधा लपवण्याऐवजी ठळक केला जातो. मोत्यांची माळ, गुंफलेली फीत, फुलांचे हार, अकँथसची पाने हे नेहमीचे अलंकार आहेत.

पाठीच्या रचनेवरून दोन प्रकार पडतात. सपाट पाठीची खुर्ची भिंतीला लावून ठेवण्यासाठी असे आणि ती दालनाच्या सजावटीचा स्थिर भाग मानली जाई. किंचित अंतर्वक्र पाठीची खुर्ची वजनाने हलकी असे. बसणाऱ्याच्या पाठीला ती अधिक मानवे आणि संभाषणासाठी हवी तिथे हलवता येई.

चौकट मुख्यतः बीच किंवा अक्रोडाच्या लाकडाची असे. बीचचे लाकूड बहुधा रंगवले वा सोन्याच्या वर्खाने मढवले जाई. आच्छादनासाठी लिओंचे रेशीम, ओब्यूसाँ व बोव्हे येथील विणीव चित्रपट वापरले जात. छापील सुती कापडही लोकप्रिय होते. भारतीय छिटाच्या आयातीवर व अनुकरणावर फ्रान्समध्ये 1686 पासून असलेली बंदी 1759 मध्ये उठली आणि 1760 मध्ये ओबेरकाम्फ याने व्हर्सायजवळ झुई येथे छपाईचा कारखाना काढला. फ्रेंच दिवाणखान्यातील या कापडामागे अशा रीतीने भारतीय छिटाची प्रेरणा होती.

कारागीर व शिक्के

पॅरिसमध्ये एक खुर्ची अनेक हातांतून जाई. सुतार चौकट जुळवी, कोरीवकाम करणारा नक्षी काढी, रंगारी वा वर्खकार तिला झळाळी देई आणि गादीकाम करणारा ती मढवी. प्रत्येक व्यवसायाचा संघ स्वतंत्र होता. सुतारसंघाच्या 1743 च्या नियमांनुसार, जे 1751 पासून अमलात आले, उस्ताद कारागिराने आपल्या नावाचा शिक्का लाकडावर उमटवणे बंधनकारक झाले. खुर्चीवर तो बहुधा बैठकीच्या चौकटीच्या खालच्या वा आतल्या अंगाला आढळतो. राज्यक्रांतीच्या काळात, 1791 मध्ये, हे संघ बरखास्त झाले.

लुई देलानुआ, जाँ-बाप्तिस्त बुलार, जाँ-बाप्तिस्त-क्लोद सने आणि जॉर्ज जाकोब (1739–1814) हे या शैलीतील अग्रगण्य खुर्चीकार होत. 1793–1794 मध्ये क्रांतिकारी सरकारने व्हर्साय राजवाड्यातील सामानाचा लिलाव केला. त्यात 17,000 हून अधिक गट विकले गेले आणि राजघराण्याच्या खुर्च्या जगभर विखुरल्या.

पुनरुज्जीवन

तिसऱ्या नेपोलियनची पत्नी सम्राज्ञी युजेनी हिला राणी मारी आंत्वानेतविषयी विशेष ओढ होती. तिच्या काळात (1853–1870) ही शैली पुन्हा प्रचारात आली आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत यंत्रांच्या साहाय्याने मोठ्या प्रमाणावर प्रतिकृती बनू लागल्या. आज बाजारात 'जुनी फ्रेंच खुर्ची' म्हणून येणाऱ्या बहुसंख्य खुर्च्या याच काळातील किंवा त्यानंतरच्या आहेत. 2002 मध्ये फिलिप स्टार्क याने इटलीच्या कार्टेल कंपनीसाठी 'लुई घोस्ट' ही पारदर्शक पॉलिकार्बोनेटची खुर्ची रचली. तिच्यात लाकूड, नक्षी व गादी यांपैकी काहीच नाही. तरीही केवळ बाह्यरेषेवरून शैली ओळखता येते.

अस्सलपणाची पारख

खुर्चीचे वय तिच्या दर्शनी भागापेक्षा खालच्या बाजूवरून अधिक खात्रीने कळते. पारख करताना पुढील गोष्टी पाहिल्या जातात.

हत्यारांच्या खुणा: जुन्या चौकटीच्या आतील भागावर हातरंधा व हातकरवतीच्या असमान खुणा असतात. गोल करवतीच्या कमानदार खुणा यंत्रयुग दर्शवतात.

नक्षीतील फरक: कोल्हापूरजवळील शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या ओतशाळांत एकाच नमुन्यावरून ओतलेले भाग एकसारखे निघणे हे गुणवत्तेचे लक्षण असते. हाताने कोरलेल्या खुर्चीत याच्या उलट आहे. एकाच खुर्चीच्या दोन ठोकळ्यांवरील फुलांत थोडा फरक असणे स्वाभाविक असून, चारही फुले तंतोतंत सारखी असल्यास यंत्रकामाचा संशय घेतला जातो.

सांधे: एका लाकडाचे टोक दुसऱ्यातील भोकात बसवून आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते.

खिळ्यांची छिद्रे: दोनशे वर्षांत गादी अनेकदा बदलली जाते. त्यामुळे चौकटीवर जुन्या छिद्रांची दाटी असते. गादीतील धातूच्या स्प्रिंगा एकोणिसाव्या शतकात आल्या. परंतु त्या नंतरही बसवलेल्या असू शकतात.

किडीच्या वाटा: किडीची वाट पृष्ठभागावर लांबट पन्हाळीसारखी उघडी पडली असेल, तर जुने लाकूड नव्याने कापून वापरल्याची शक्यता असते.

यांपैकी एकच खूण निर्णायक नसते, शिक्काही नव्हे. व्हर्साय राजवाड्याने अठराव्या शतकातील म्हणून खरेदी केलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण 2016 मध्ये उघडकीस आले. या विषयातील एक मान्यवर तज्ज्ञ व एक निष्णात लाकूडकोरीव कारागीर यांनी जुन्या चौकटी आणि शिक्के वापरून त्या तयार करवल्या होत्या. 2025 मध्ये फ्रेंच न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले.

भारतातील संदर्भ

जॉर्ज जाकोब पॅरिसमध्ये खुर्च्या घडवत होता, त्या काळात पुण्याच्या पेशवे दरबारात बैठकीचीच पद्धत होती. 1790 च्या तहाचा प्रसंग दाखवणाऱ्या टॉमस डॅनिएलच्या 1805 मधील चित्रात दरबारी मंडळी जमिनीवरील बैठकीवर बसलेली दिसतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानिकांनी पाश्चात्त्य धर्तीचे राजवाडे उभारले. त्यांत चार्ल्स मँटने आराखडा केलेला कोल्हापूरचा नवा राजवाडा (1877–1884), बडोद्याचा लक्ष्मीविलास राजवाडा (1890) आणि ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा (1874) हे प्रमुख होत. मराठी राजघराण्यांत लोड-तक्क्यांच्या जोडीला युरोपीय खुर्ची आली. ग्वाल्हेरच्या जयविलास संग्रहालयात फ्रान्स व इटलीतील फर्निचर पाहावयास मिळते. याच शतकात मुंबईत घडवलेल्या शिसवी लाकडाच्या कोरीव फर्निचरवर मात्र नवअभिजात शैलीपेक्षा रोकोकोच्या पुनरुज्जीवनाचा प्रभाव अधिक होता.

लग्नसमारंभात वधूवरांसाठी मांडल्या जाणाऱ्या सोनेरी खुर्च्यांत या दोन शैलींची सरमिसळ आढळते. लंबवर्तुळाकार पाठ नवअभिजात, तर वळणदार पाय रोकोको, असा संयोग त्यांत अनेकदा दिसतो.

पुरावस्तू व कलानिधी कायदा, 1972 नुसार किमान 100 वर्षे जुनी कलाकुसरीची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. पुरावस्तूंची निर्यात खाजगी व्यक्तीला करता येत नाही व त्यांच्या व्यापारासाठी परवाना आवश्यक असतो.

घरातील निगा

बीचचे लाकूड दमटपणाला व किडीला लवकर बळी पडते आणि जुन्या सांध्यांतील प्राणिज सरस ओलाव्याने सैल होतो. त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातील पावसाळा अशा खुर्चीसाठी कसोटीचा असतो. खुर्ची बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवणे, थेट ऊन टाळणे आणि उचलताना हातांना किंवा पाठीला न धरता बैठकीच्या चौकटीला धरणे हितावह असते. सोनेरी वर्ख ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटकणे पुरेसे होते. चौकट तासून नव्याने पॉलिश केल्यास हत्यारांच्या खुणा, मूळ रंगाचे थर आणि कधीकधी शिक्काही नाहीसा होतो. खुर्ची त्यामुळे नवी दिसते, परंतु तिचे वय सिद्ध करणारा पुरावा कायमचा नष्ट होतो. म्हणून जुन्या खुर्चीची दुरुस्ती शक्य तितकी कमी आणि पुढे उलटवता येईल अशी असावी, असे जतनशास्त्राचे तत्त्व आहे.