मागचा दिवा बंद, इंजिन गरम

धानाची पोती भरून जुनी जीप रात्री आरमोरीहून वडशाला निघाली आणि मागचा दिवा बंद, तर मागच्या ट्रकला ती दिसणार कशी? आपले व्यापारी बंधू दर वेळी बल्बच बदलतात. दोष बहुधा गंजलेल्या होल्डरचा किंवा ढिल्या अर्थिंगचा असतो. घासून, आवळून पाहावे. बल्ब वारंवार जळत असतील तर मीटर लावावा. इंजिन चालू असता १२ व्होल्टच्या बॅटरीवर १५च्या वर आकडा गेला, तर रेग्युलेटर बिघडला समजा.

इंजिन तापते ते पुष्कळदा राइस मिलच्या कोंड्याने! तो रेडिएटरच्या जाळीत बसतो. इंजिन थंड असता आतल्या बाजूने हवा मारावी. दिवे मंद नि इंजिन गरम, असे एकदमच झाले तर आधी फॅनचा पट्टा पाहावा. बहुतेक जुन्या गाड्यांत डायनमो आणि पाण्याचा पंप त्याच पट्ट्यावर फिरतात.