कण्हेरीच्या मुळांची पोकळी

नेपल्सच्या आखातावरच्या तोरे आनुन्झियाता या दाट वस्तीच्या गावात, रस्त्याच्या बऱ्याच खाली, ओप्लोन्तिसचा रोमन महाल आहे. एके काळी तो समुद्रावरच्या कड्यावर उभा होता. इ.स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीनं तो गाडला. 1590च्या दशकात सार्नोचा कालवा खणताना मजुरांनी त्याच्या पोटातूनच चर नेला. पद्धतशीर उत्खननाला 1964 साल उजाडलं, आणि आजही महालाचा काही भाग रस्त्याखालीच आहे.

महाल कुणाचा? एका सुरईवर ‘सेकुंदो पोप्पेआए’ असे दोन शब्द सापडले आणि तो नीरोच्या राणीचा, पोप्पेआचा, ठरला. एवढ्याशा पुराव्यावर मालकी ठरवणं मला पटत नाही.

पाहणारे रेंगाळतात ते इ.स.पू. 50च्या सुमाराच्या भित्तिचित्रांपुढे: भिंतीवरच उभे केलेले खांब, मोर, काचेच्या वाडग्यातली फळं. माझी नजर मात्र गुलामांच्या वावरातल्या बोळांकडे वळते. तिथे मोर नाहीत. काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्या आहेत, झेब्र्याच्या अंगावर असाव्यात तशा. राबणाऱ्यांची वाट कुठली आणि पाहुण्यांची कुठली, हे भिंतच सांगत असे.

या महालात एकही मृतदेह मिळाला नाही. उद्रेकाच्या वेळी डागडुजी चालू असावी. खांब काढून आडवे ठेवलेले सापडले. जवळच्याच दुसऱ्या इमारतीत, मद्याच्या सुरयांच्या कोठारात, 54 जणांचे सांगाडे निघाले. इथे मात्र माणसं नाहीत, उरल्या आहेत त्या पोकळ्या. लाकडी झडपा कुजल्या, पण राखेत त्यांचा आकार राहिला; त्यात प्लॅस्टर ओतून त्या पुन्हा उभ्या केल्या.

विल्हेल्मिना याशेम्स्की या अमेरिकन विदुषीनं हीच युक्ती बागेत वापरली. मेलेल्या झाडाचं मूळ कुजलं की जमिनीत भोक राहतं. त्या भोकांत भरलेले ज्वालामुखीचे सैल खडे काढून त्यांनी आत सिमेंट भरलं आणि घट्ट झाल्यावर भोवतालची जमीन उकरली. 60 मीटर लांबीच्या पोहण्याच्या तलावाशेजारी त्यांना चिनार जातीचे मोठे वृक्ष, लिंबू आणि कण्हेर ओळखता आली. झाडांच्या पुढ्यात पुतळ्यांचे चौथरे होते. म्हणजे पाण्यात उतरणाऱ्याला हिरव्या पानांवर उठून दिसणारा संगमरवर दिसत असे, आणि त्याच संगमरवराचं प्रतिबिंब पाण्यात.