दोरी हलली, रिबन जागच्या जागी

गोरेगावच्या एका शाळेत नववीच्या वर्गात आम्ही मागच्या बाकावर बसलो होतो. विज्ञानाचा तास होता, धडा ध्वनीचा. बाईंनी आधी तरंगाची व्याख्या विचारली. बरेच हात वर झाले आणि एका मुलीने ती न अडखळता म्हणून दाखवली. मग बाईंनी साधेच विचारले, "डबक्यात कागदाची होडी आहे. मध्ये दगड टाकला, लाटा काठाकडे निघाल्या. होडी त्यांच्याबरोबर काठाला येईल का?" जवळजवळ सगळा वर्ग म्हणाला, "येईल." व्याख्या म्हणणारी मुलगीसुद्धा.

वाचकहो, आम्ही त्या मुलीला हसणार नाही. आमच्या शाळेच्या दिवसांत आम्हीही हेच उत्तर दिले असते, आणि परीक्षेत व्याख्येचे दोन गुण मात्र पुरते मिळवले असते.

बाईंच्या पिशवीत कपडे वाळत घालायची दोरी होती. तिच्या मधोमध लाल रिबन बांधली, दोन मुलींच्या हाती दोन टोके दिली. एकीने मनगटाला झटका दिला, तसा दोरीवर उंचवटा उठला आणि दुसऱ्या टोकाकडे धावत गेला. रिबन वर गेली, खाली आली आणि होती तिथेच राहिली. "मग तिकडे पोचलं काय?" बाईंनी विचारले. दुसरे टोक धरलेली मुलगी म्हणाली, "हिसका." पुस्तकात ज्याला ऊर्जा म्हणतात त्याची याहून सोपी फोड आम्ही तरी ऐकलेली नाही. दोरी वर-खाली हलते, तरंग मात्र तिच्या लांबीने पुढे जातो, म्हणून हा अवतरंग.

नंतर दहा मुले एकामागे एक उभी केली, प्रत्येकाचे हात पुढच्याच्या खांद्यावर. शेवटच्याला हलकेच ढकलले. धक्का खांद्याखांद्यातून पुढे गेला आणि पहिला मुलगा फळ्यावर आपटता आपटता वाचला. बाकीचे जरा झुकून पुन्हा सरळ. "बाई, हे तर लोकलमध्ये रोजचंच!" कोणीतरी ओरडले. खरेच आहे. अंधेरीला दारातून चढणाऱ्यांचा रेटा पार आतल्या खिडकीपाशी उभ्या माणसाला लागतो, पण दारातला माणूस काही तिथवर आलेला नसतो. रेटा ज्या दिशेने जातो त्याच दिशेने माणसे पुढे-मागे होतात. हा अनुतरंग. दाटी होते ते संपीडन, मोकळीक होते ते विरलन. हवेतून आवाज असाच येतो, सेकंदाला सुमारे 340 मीटर. पाण्यात सुमारे 1500 मीटर, पोलादात 5000 मीटरहून अधिक. कण एकमेकांना जितके घट्ट जखडलेले, तितका धक्का लवकर पुढे सरकतो. (मुलांनी हे पाहायला रेल्वेच्या रुळाला कान लावू नये. पाण्याचा लोखंडी पाइप पुरतो.)

जमिनीतूनही हे दोन्ही तरंग धावतात. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनानगरला मोठा भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे गेली, हादरा मुंबईतही जाणवला. कोयना ते गोरेगाव हे अंतर सरळ रेषेत दोनशे किलोमीटरहून थोडे जास्त. खडकातून अनुतरंग सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर जातो, अवतरंग सुमारे साडेतीन. बाईंनी भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घेतला. ढकलणारा धक्का इथे सुमारे 35 सेकंदांत आला असणार, आणि दोरीसारखा हलवणारा त्यानंतर सुमारे 25 सेकंदांनी. भूकंप किती दूर झाला हे या फरकावरूनच काढता येते.

एका मुलाची आजी पाटणकडची. तो उठून म्हणाला, "आजी सांगते, आधी भांडी वाजली आणि लगेच घर हललं." बाईंनी त्यालाच फळ्यापाशी बोलावले. पाटण कोयनेला जवळ, वीसेक किलोमीटर धरा. फरक निघाला दोन-तीन सेकंदांचा. मुलगा खडू हातात घेऊन तसाच उभा राहिला. आजीची गोष्ट गणितात बसली होती.

शाळा सुटल्यावर फाटकाशी एका पालकाने आम्हाला विचारले, "हे ठीक आहे हो, पण सायन्स आपल्या पोरांना झेपतं का?" त्यांची काळजी आम्हाला कळते. क्लासची फी, पुढचा खर्च, सगळे डोळ्यांपुढे असते. पण 'झेपतं का' हा प्रश्न दहावीच्या आधीच पोरांच्या कानावर पडतो, आणि मार्कांच्या आधी तोच त्यांना मागे ओढतो. ज्यांनी आज दोरी धरली त्यांना न झेपण्याजोगे आम्हाला तरी त्या तासात काही दिसले नाही.

संध्याकाळी ती व्याख्या म्हणणारी मुलगी आम्हाला तिच्या चाळीत दिसली. नळाच्या लांबलचक पाइपाला कान लावून बसली होती. दुसऱ्या टोकाला तिचा भाऊ नाण्याने टकटक करत होता. शेजारची मावशी हंडा घेऊन घाईघाईने बाहेर आली.

"पाणी आलं का गं?"

"नाही मावशी, नुसता आवाज आला."