शंभर यार्डांच्या आतला हिशेब

एप्रिल २०२५ च्या मास्टर्समध्ये, भारतातल्या सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास, ऑगस्टाच्या अठराव्या ग्रीनवर रोरी मॅकलरॉय गुडघ्यांवर कोसळून रडला, ते दृश्य आठवडाभर सगळ्यांनी पाहिलं. अकरा वर्षांची प्रतीक्षा, ग्रँड स्लॅम पूर्ण करणारा सहावा गोल्फर, जस्टिन रोझबरोबरचा प्लेऑफ, हे सगळं छापून आलं. मला त्याचं स्कोअरकार्ड जास्त बोलकं वाटलं. चार दिवसांत त्याने चार डबल बोगी केल्या. इतक्या डबल बोगी करूनही मास्टर्स जिंकणारा तो पहिलाच.

त्या कुठे झाल्या ते पाहा. गुरुवारी पंधराव्या होलवर ग्रीनच्या मागून केलेली चिप उतारावरून घरंगळत थेट पुढच्या तळ्यात गेली. सतराव्यावर थ्री-पट. रविवारी पहिल्याच होलवर फेअरवे बंकर आणि वर पुन्हा थ्री-पट. तेराव्यावर सुरक्षित खेळायचं म्हणून बॉल मुद्दाम अलीकडे थांबवलेला, ऐंशी-पंच्याऐंशी यार्डांची वेज हातात, समोर अख्खं ग्रीन, आणि बॉल रेज क्रीकला मिळणाऱ्या ओढ्याच्या पाण्यात. जगातल्या सर्वांत लांब मारणाऱ्यांपैकी एक असलेल्या खेळाडूचा घात प्रत्येक वेळी शंभर यार्डांच्या आत झाला. पुढे प्लेऑफमध्ये सव्वाशे यार्डांवरून वेजनेच त्याने बॉल फ्लॅगपासून चारेक फुटांवर टेकवला आणि निकाल लागला.

शनिवार-रविवारी खेळणाऱ्या, पंधरा ते पंचवीस हँडिकॅपच्या आपल्याकडच्या हजारो हौशी मंडळींनी या स्पर्धेतून एवढीच एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ आहे.

योगायोग असा की, याच गोष्टीसाठी आयुष्य वेचलेला माणूस या विजयाच्या तीनच आठवडे आधी गेला. डेव्ह पेल्झ, वय ८५. पेल्झ मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. इंडियाना विद्यापीठाच्या संघातून खेळताना त्यांची गाठ ओहायो स्टेटच्या जॅक निकलॉसशी पडायची आणि प्रत्येक वेळी ते हरायचे. व्यावसायिक गोल्फचा नाद सोडून ते नासाच्या गोडार्ड केंद्रात गेले आणि दीडेक दशक ग्रहांच्या वातावरणाचा अभ्यास करत राहिले. पण डोक्यातलं गोल्फ गेलं नाही. १९७० च्या दशकात ते वही घेऊन व्यावसायिक खेळाडूंच्या मागे कोर्सवर हिंडू लागले. कोणाचा फटका किती अंतरावरून होता, बॉल लक्ष्यापासून किती लांब पडला आणि त्या अंतराच्या मानाने ही चूक किती टक्के, हे ते टिपून ठेवत. तोवर असा हिशेब कोणी मांडला नव्हता असं म्हटलं तरी चालेल. सगळे ड्रायव्हरची लांबी आणि स्विंगची सुबकता पाहत होते.

त्या वह्यांतून निघालेलं चित्र धक्कादायक होतं. पूर्ण ताकदीच्या फटक्यांत बडे खेळाडू एकमेकांच्या फार जवळ होते. फरक पडत होता तो अर्ध्या स्विंगच्या वेजमध्ये, चिपमध्ये, बंकरमध्ये. आणि कमाई जवळच्या खेळातल्या अचूकतेशी जास्त जुळत होती. पेल्झ पुढे आयुष्यभर सांगत राहिले की, गोल्फमधले साठ ते पासष्ट टक्के फटके शंभर यार्डांच्या आतले असतात आणि पारच्या तुलनेत गमावलेले ऐंशी टक्के फटके तिथेच जातात. १९९९ मध्ये आलेलं त्यांचं जाडजूड ‘शॉर्ट गेम बायबल’ आजही अनेक कोचच्या कपाटात असतं. फिल मिकलसन त्यांच्याकडे शिकायला गेला आणि २००४ मध्ये पहिलं मास्टर्स जिंकला.

पेल्झ यांची मला सर्वांत आवडणारी युक्ती घड्याळाची. डावा हात म्हणजे घड्याळाचा काटा धरायचा. वेज मागे नेताना हात साडेसातला थांबवला की एक अंतर, नऊला थांबवला की दुसरं, साडेदहाला तिसरं. पुढे येताना वेग नेहमीसारखाच, फॉलो-थ्रू पूर्ण. बॅगेत चार वेज असतील तर तीन गुणिले चार, म्हणजे बारा ठरलेली अंतरं हाताशी आली. आपल्यातल्या बहुतेकांकडे दोनच वेज असतात, तरी सहा अंतरं झाली. चाळीस यार्डांवर उभं राहून ‘जरा हळू मारू’ असं मनाशी म्हणत खाली येताना हात आखडतो आणि बॉल दहा फूट पुढे जाऊन पडतो. घड्याळात त्या ‘जरा’ला जागाच राहत नाही. ज्या कोणाला शंभर यार्डांच्या आत नेमकं काय करायचं हे सुचत नाही, त्याने दोन आठवडे फक्त एवढंच करावं आणि प्रत्येक अंतर वेजच्या दांड्यावर पट्टी चिकटवून लिहून ठेवावं.

पेल्झ यांच्या आकड्यांना पुढे तगडं आव्हान मिळालं. कोलंबिया बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी पीजीए टूरच्या लाखो फटक्यांच्या नोंदी तपासून ‘स्ट्रोक्स गेन्ड’ची पद्धत आणली. त्यांचं म्हणणं असं, की साठ टक्के फटके जवळचे असतात हे खरं, पण त्यांत एक-एक फुटाचे, कोणीही घालेल असे पटही मोजले जातात. खेळाडूखेळाडूंमधला फरक कुठून येतो ते पाहायला हवं. अव्वल व्यावसायिकांच्या आघाडीत त्यांना अॅप्रोच फटक्यांचा वाटा सुमारे ४० टक्के दिसला, ड्राइव्हचा २८, ग्रीनजवळच्या खेळाचा १७ आणि पटिंगचा १५. नव्वद करणारा आणि ऐंशी करणारा यांच्यातल्या दहा फटक्यांपैकीही दोन-तृतीयांश लांबच्या खेळात जातात, असं त्यांचं गणित सांगतं.

ब्रॉडी यांचं गणित मला मान्य आहे. पण ‘दोन खेळाडूंत फरक कशाने पडतो’ हा एक प्रश्न झाला आणि ‘आठवड्याला तीन तास मोकळे असलेल्या पन्नाशीतल्या माणसाने ते कुठे घालवावेत’ हा अगदीच वेगळा. ड्राइव्ह तीस यार्डांनी वाढवायला कंबर, खांदे, कोच आणि दोन-तीन वर्षं लागतात, आणि तरी तो वाढेलच असं नाही. ग्रीनशेजारची फसलेली चिप दोन महिन्यांत बंद होऊ शकते. हौशी खेळाडूचे फटके व्यावसायिकासारखे बारीक-बारीक फरकाने जात नाहीत. चिप करायला जातो, बॉल तिथेच राहतो. दुसऱ्यांदा जातो, बॉल टॉप होऊन ग्रीनपलीकडे. तिसऱ्यांदा परत. पाचात संपणारा होल आठवर जातो. लांबच्या खेळात एका जागी दोन फटके गमवायलाही बॉल हद्दीबाहेर घालवावा लागतो. इथे मात्र कुठलंही पाणी नाही, झाड नाही, सपाट गवत असतं.

हँडिकॅपच्या गणितातही हे दिसतं. २०२० च्या जागतिक पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांतल्या सर्वोत्तम आठ धरतात. समजा कोर्स रेटिंग ७०.५ आणि स्लोप १२५ आहे. ९२ चा स्कोअर आला तर डिफरन्शियल १९.४ पडतं, ८८ आला तर १५.८. चार फटक्यांनी साडेतीनहून जास्त अंकांचा फरक पडला. एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा जास्त धरत नाहीत, हे खरं. म्हणजे अठरा हँडिकॅपवाल्याला पार चारवर जास्तीत जास्त सात. त्यामुळे दहाचा आकडा तसाही कापला जातो. पण पाचाऐवजी सात होणं पूर्ण मोजलं जातं. फेरीत असे दोन होल वाचले तरी ते चार फटके तिथेच मिळतात.

ग्रीनशेजारी फसणाऱ्या बहुतेक चिपचं मूळ एकच, बॉल उचलायचा मोह. वेजला लॉफ्ट दिलेला असतानाही माणूस मनगट वळवून बॉल हवेत द्यायला जातो, वजन मागच्या पायावर राहतं, क्लब बॉलच्या अलीकडे जमिनीत घुसतो. इथे जीन सॅराझनची आठवण काढायलाच हवी. मॅकलरॉय ज्या सहा ग्रँड स्लॅमवाल्यांच्या यादीत गेला, त्या यादीतला पहिला हा. १९३५ मध्ये ऑगस्टाच्या त्याच पंधराव्या होलवर त्याने दोनशे पस्तीस यार्डांवरून बॉल थेट होलमध्ये घातला होता. पण त्याची मोठी देणगी आधीची. विमान उडताना शेपटी खाली जाते आणि नाक वर उठतं हे पाहून त्याला कल्पना सुचली, आणि वेजच्या तळाला मागच्या बाजूने धातू चढवून त्याने मागची कड पुढच्या धारेपेक्षा खाली आणली. १९३२ ची ओपन तो हाच क्लब घेऊन जिंकला. त्या फुगवट्याला आज आपण बाउन्स म्हणतो. बाउन्समुळे क्लब वाळूत किंवा गवतात रुतत नाही, घसरतो. मात्र हात फार पुढे ढकलून धार खाली केली की बाउन्स वर उचलला जातो आणि क्लब पुन्हा रुततो. हात बॉलच्या किंचित पुढे, वजन पुढच्या पायावर, छाती फ्लॅगकडे वळत राहिलेली, आणि क्लबचा तळ गवताला ‘थप्’ असा लागलेला ऐकू आला पाहिजे. हा आवाज आल्याशिवाय घरी जायचं नाही, असा सराव करावा.

त्याहून सोपा उपाय म्हणजे बॉल उडवायचाच नाही. आपल्याकडचा कुठलाही जाणता कॅडी हे सांगतो: “साहेब, सात नंबर घ्या, लोळवा.” साहेब साठ डिग्रीची लॉब वेज काढतात, कारण टीव्हीवर मिकलसनला पाहिलेलं असतं. ऐकावं कॅडीचं. सपाट, मध्यम वेगाच्या ग्रीनवर पिचिंग वेजने चिप केली तर बॉल एक भाग हवेत आणि साधारण दोन भाग जमिनीवर जातो. नऊ नंबरने एकास तीन, आठने एकास चार, सातने एकास पाच. ग्रीनच्या कडेपासून दोन पावलं आत एक ठिपका ठरवायचा, बॉल तिथे टाकायचा, बाकी काम उताराचं. लहान मुलाला झेलायला बॉल खालून टाकतो तितकाच हलका हात. स्विंग पटरसारखाच, आणि वाईटात वाईट फटकाही ग्रीनवर राहतो. मधे बंकर असेल तरच लॉब वेज काढावी.

पटिंगमध्ये हौशी माणसाच्या अपेक्षाच चुकलेल्या असतात. आठ फुटांवरून पीजीए टूरवरचे खेळाडू निम्मेच पट घालतात. वीस फुटांवरून सातात एखादा. मग आपण पंधरा फुटांवरून चुकलो म्हणून कपाळाला हात का लावायचा? आपले फटके जातात ते पस्तीस फुटांवरून पहिला पट आठ फूट अलीकडे ठेवल्याने आणि तीन फुटांचे चुकल्याने. पेल्झ यांचा निष्कर्ष असा होता की, पट चुकला तर होलच्या सतरा इंच पुढे थांबेल एवढा वेग सर्वोत्तम. त्यांचं कारण ऐकण्यासारखं आहे. दिवसभर माणसं होलभोवती उभी राहतात, पण होलच्या अगदी कडेला कोणी पाय देत नाही. त्यामुळे कडेचं एक कडं किंचित उंच राहतं आणि त्याबाहेरची जमीन पावलांनी दबलेली, खडबडीत असते. हळू आलेला बॉल तिथेच भरकटतो. दुसरं त्यांनी दाखवलं ते असं की, हौशी माणूस उतार नेहमी कमी धरतो आणि बॉल होलच्या खालच्या अंगाने जातो. आपल्याकडच्या बर्म्युडा गवताच्या ग्रीनवर यात पात्याची दिशाही मिसळते. गवत चकाकतं आहे त्या बाजूला बॉल वेगाने पळतो, गडद दिसतं त्या बाजूने अडतो.

लांब न मारता कुठवर जाता येतं, याचं आपलं उदाहरण अदिती अशोक. टोकियो ऑलिंपिकमध्ये, ऑगस्ट २०२१ मध्ये, सुवर्ण जिंकणाऱ्या नेली कोर्डापेक्षा तिचा ड्राइव्ह खूप अलीकडे पडत होता. कोविडमधून उठून आल्याने ताकदही कमी झालेली. तरी चार दिवसांत १५ अंडर, चौथा क्रमांक, पदक एका फटक्याने हुकलं. ते चारही दिवस तिने पटरच्या जिवावर काढले. ती शनिवारची सकाळ ज्यांनी टीव्हीसमोर काढली ते विसरणार नाहीत.

सरावाबद्दल माझं मत ठाम आहे. एका जागी पन्नास बॉल ओतून चिप करत बसण्याने हात तयार होतो, खेळ होत नाही. एकच बॉल घ्यावा. ग्रीनभोवती नऊ वेगवेगळ्या जागा निवडाव्यात, त्यातल्या तीन मुद्दाम वाईट. प्रत्येक जागेवरून चिप करायची आणि पटर घेऊन होल संपवायचा. दोनात किती झाले ते वहीत मांडायचं. नवातले तीन जमले तरी सुरुवात चांगली. टूरवरची सरासरी शेकडा साठच्या आसपास आहे.

आणि एक मागणी क्लबांकडे. आपल्याकडे ड्रायव्हिंग रेंजवर दिवे लागतात, जाळ्या बदलतात, मशीनमधून बॉल मिळतात. सरावाचं ग्रीन मात्र बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात, तेही ‘चिपिंगला मनाई’ची पाटी लावलेलं. मुंबईसारख्या जागा नसलेल्या शहरात तर उलट हवं. अडीचशे यार्डांची रेंज आखायला जागा मिळणार नाही, पण एक ग्रीन, एक बंकर आणि भोवती तीस यार्ड गवत एवढी जागा निघू शकते. सदस्य नसलेल्या मुलांना तासावर पैसे घेऊन तिथे खेळू दिलं तर ड्रायव्हर विकत घेण्याआधीच ती गोल्फ शिकतील.

पाऊस यायच्या आधीचे दीड-दोन महिने घ्या. हे दिवस सात नंबरच्या लोळवण्यासाठी उत्तम, जमीन टणक असते आणि बॉल खरा पळतो. जूनमध्ये ग्रीन भिजलं की तोच फटका निम्म्यात थांबेल. तेव्हा नऊ नंबर किंवा पिचिंग वेजने बॉल आणखी पुढे, फ्लॅगच्या अर्ध्या वाटेपलीकडे टाकावा लागतो. चिखलाच्या जागेवर सँड वेजची धार उघडी ठेवून बाउन्स वापरला नाही तर क्लब मातीतच अडकतो. तोवर साडेसात, नऊ आणि साडेदहाची तीन अंतरं मोजून दांड्यावर लिहून झालेली असावीत. ओल्या ग्रीनवर बॉल पडेल तिथेच थांबतो, त्यामुळे हवेतलं अंतर माहीत असलेल्याला चाळीस-साठ यार्डांच्या वेजसाठी वर्षातले सर्वांत चांगले चार महिने पावसाचेच.