आधी थांबायला शिका

ऑस्ट्रियाच्या पश्चिमेला टिरोल आणि फोरार्लबर्ग हे दोन प्रांत एकमेकांना भिडतात, तिथे आर्लबर्ग ही १,७९३ मीटर उंचीची खिंड आहे. खिंडीच्या पूर्वेला सेंट अँटन, माथ्यालगत सेंट क्रिस्टोफ, पश्चिमेच्या उतारावर श्टुबेन आणि उत्तरेला त्स्युर्स व लेश अशी गावं आहेत. २०१६च्या हिवाळ्यात त्स्युर्सच्या बाजूला नवा रोपवे सुरू झाला आणि हा सारा मुलूख लिफ्टच्या जाळ्याने सलग जोडला गेला. ३०० किलोमीटरहून अधिक आखलेले उतार आणि ८०हून अधिक लिफ्ट असलेलं हे ऑस्ट्रियातलं सर्वांत मोठं सलग स्की-क्षेत्र आहे.

उतारांची लांबीच मोजायची तर फ्रान्समधलं ‘त्र्वा व्हॅले’ हे स्की-क्षेत्र याच्या जवळजवळ दुप्पट भरेल. आर्लबर्गचं मोठेपण वेगळ्याच गोष्टीत आहे. नवख्या माणसाला स्की शिकवण्याची, पायरीपायरीने पुढे नेणारी जी पद्धत जगभर पसरली, ती या खिंडीत घडली. त्या पद्धतीचा पहिला धडा वेगाचा नव्हता. तो वेग मारण्याचा, म्हणजे थांबण्याचा होता. या डोंगराचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास वाचताना मला वाटतं, की हा धडा विद्यार्थ्यांपेक्षाही या प्रदेशालाच जास्त लागू आहे.

पोट भरत नसलेली खिंड

आज लेशच्या हॉटेलांत युरोपातले धनिक उतरतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच प्रांतांतल्या गरीब खोऱ्यांतली शेतकरी कुटुंबं दर वसंतात आपली पोरं डोंगरापलीकडे कामाला धाडत. सात-आठ वर्षांपासून पुढची मुलं बर्फातून खिंडी ओलांडत दक्षिण जर्मनीत श्वाबेन भागात चालत जात. रावेन्सबुर्गसारख्या गावांत त्यांचा बाजार भरे. तिथले शेतकरी त्यांना गुरं राखायला ठेवून घेत आणि शरद ऋतूत थोडे पैसे व अंगावरचे कपडे देऊन परत पाठवत. ‘श्वाबेनची पोरं’ म्हणून ओळखली जाणारी ही प्रथा विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होती.

खिंड माणसं गिळत असे. हाइन्रिख फिंडेलकिंड नावाचा एक अनाथ गुराखी होता. दर वसंतात बर्फ वितळला की वाटसरूंची प्रेतं सापडत, ती पाहून त्याच्या जिवाला चैन पडेना. साठवलेल्या चार पैशांतून त्याने १३८६ मध्ये माथ्यावर आश्रयगृह उभारलं आणि ते चालवण्यासाठी सेंट क्रिस्टोफचा बंधुसंघ सुरू केला. त्या आश्रयगृहाच्या जागी आज हॉटेल आहे आणि संघाचं मदतकार्यही चालू आहे.

१८८४ मध्ये खिंडीखालून सुमारे १०.६ किलोमीटरचा रेल्वे बोगदा खुला झाला. त्याचे मुख्य अभियंता युलियस लॉट वर्षभर आधीच वारले होते. घाटातली मालवाहतूक एका फटक्यात बसली. गाडीवान, खानावळवाले, घोडे बदलून देणारे असे खिंडीवर जगणारे सारे उघड्यावर पडले. पण त्याच रेल्वेने हिवाळ्यात हौशी शहरी माणसंही आणली. १९०१च्या जानेवारीत सेंट क्रिस्टोफच्या आश्रयगृहात अशाच काही मंडळींनी ‘स्की क्लब आर्लबर्ग’ स्थापला.

श्नायडर मास्तर

श्टुबेनमध्ये १८९० साली हानेस श्नायडर जन्मला. वडील खिंडीतल्या रस्त्याच्या देखभालीचं काम करत. हिवाळ्यात आलेल्या पाहुण्यांच्या स्की पाहून हा पोरगा वेडावला. १९०७ मध्ये, सतराव्या वर्षी, सेंट अँटनच्या ‘हॉटेल पोस्ट’ने त्याला पाहुण्यांना स्की शिकवायला ठेवून घेतलं.

तेव्हा स्कीचे दोन पंथ होते. नॉर्वेची टेलेमार्क वळणं मऊ, मोकळ्या उतारांवर शोभून दिसत, पण आल्प्सच्या उभ्या उतारावर त्यांचा निभाव लागत नसे. ऑस्ट्रियातल्या लिलिएनफेल्डचे माटियास झ्दार्स्की एकाच लांब काठीच्या आधाराने उभा उतार सुरक्षित उतरायला शिकवत, पण त्यात वेग नव्हता. श्नायडरने गुडघे वाकवून, अंग खाली नेऊन, दोन काठ्यांनिशी वेगात उतरणं आणि तो वेग हवा तेव्हा मोडणं या दोन्हींची सांगड घातली.

त्याची खरी कमाल क्रम लावण्यात होती. पहिली पायरी स्नोप्लाउची. स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून आतल्या कडा बर्फात रुतवायच्या, की वेग मरतो. हे अंगात भिनलं की एक स्की बाहेर ढकलून, तिच्यावर भार टाकून वळायचं. त्यानंतर वळणाच्या शेवटी दोन्ही स्की समांतर आणून कडांवर घसरत थांबायचं. विद्यार्थ्यांचे त्यांच्या कौशल्यानुसार वर्ग केले जात. आधीचं नीट जमल्याशिवाय वरच्या वर्गात प्रवेश नसे, मग विद्यार्थी सरदार असो की कारकून. पहिल्या महायुद्धात श्नायडरने ऑस्ट्रियाच्या पहाडी सैनिकांना शिकवलं होतं. थोड्या वेळात पुष्कळ माणसं तयार करायची सवय त्याला तिथे लागली असणार. युद्धानंतर सेंट अँटनमध्ये त्याची स्वतःची शाळा उभी राहिली.

या शाळेची कीर्ती सिनेमाने पसरवली. भूगर्भशास्त्र शिकलेले आर्नोल्ड फांक यांनी १९२० पासून श्नायडरला घेऊन बर्फावरचे चित्रपट काढले आणि युरोपभरच्या लोकांनी पडद्यावर प्रथमच असा वेग पाहिला. १९३० मध्ये श्नायडर जपानला जाऊन शिकवून आला. एका खेड्यातलं कसब शिकवण्याजोगं झालं, म्हणूनच ते इतक्या दूर पोचू शकलं.

१९२८ मध्ये श्नायडर आणि इंग्रज स्की-संघटक आर्नल्ड लन यांनी मिळून सेंट अँटनला ‘आर्लबर्ग-कंदाहार’ शर्यत सुरू केली. लन यांचा जन्म १८८८ साली मद्रासचा. स्लालॉम शर्यतीला आधुनिक रूप देण्याचं श्रेयही त्यांचंच. शर्यतीच्या नावात कंदाहार आला तो ‘कंदाहारचे लॉर्ड रॉबर्ट्स’ यांच्यामुळे. अफगाण युद्धात गाजलेल्या या सेनापतीच्या नावाचा चषक इंग्रज स्कीपटूंनी १९११ पासून आल्प्समध्ये ठेवला होता.

१९३८ : गावाने काय गमावलं

१२ मार्च १९३८ रोजी हिटलरच्या फौजा ऑस्ट्रियात शिरल्या आणि श्नायडरला लगेच अटक झाली. नाझींना त्याने उघड विरोध केला होता आणि ज्यू मित्रांची साथ सोडली नव्हती. त्या वर्षीची आर्लबर्ग-कंदाहार शर्यत तोंडावर आली होती. ज्याने शर्यत घडवली तो तुरुंगात असताना ती होणार नाही, असं म्हणून लन यांनी ती रद्द केली. पुढे श्नायडरला जर्मनीत नजरकैदेत ठेवलं गेलं. अमेरिकी बँकर हार्वे गिब्सन यांच्या खटपटीने तो सुटला आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये कुटुंबासह न्यू हॅम्पशायरमधल्या नॉर्थ कॉनवे गावी उतरला. शाळकरी मुलांनी स्कीच्या काठ्यांची कमान धरून त्याचं स्वागत केलं. १९५५ मध्ये तिथेच त्याचा मृत्यू झाला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या स्की-शिक्षणावर त्याची छाप पक्की बसली.

त्याचे सहकारी रुडॉल्फ गोम्पर्त्स यांना मात्र कोणी सोडवलं नाही. व्हिएन्नात जन्मलेले हे अभियंते १९०५ मध्ये प्रकृतीसाठी आर्लबर्गला आले आणि इथलेच झाले. सेंट अँटनचं पर्यटन उभं करण्यात, स्पर्धा भरवण्यात, गावाचं नाव जगभर नेण्यात त्यांनी आयुष्य घातलं. ते ख्रिस्ती होते, पण वंशाने ज्यू ठरवले गेले. मुलांना वाचवण्यासाठी पत्नीने, ही मुलं गोम्पर्त्स यांची नाहीतच, असं अधिकाऱ्यांना सांगितलं. मे १९४२ मध्ये गोम्पर्त्स यांना व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तेनेत्स इथे नेऊन मारलं गेलं. ज्याच्या कष्टांवर गावाची भाकरी उभी राहिली, त्याचं नाव घ्यायला गावाला कित्येक दशकं लागली. आर्लबर्गच्या वैभवाची कुठलीही गोष्ट गोम्पर्त्स यांना वगळून सांगितली तर ती खोटी ठरेल, असं मला मनापासून वाटतं.

दोरी, यंत्र आणि पाटी

१९३७ हे वर्ष खिंडीला बदलून गेलं. त्स्युर्सला ओढून वर नेणारी लिफ्ट आली आणि सेंट अँटनला गाल्त्सिगवर जाणारा रोपवे सुरू झाला. तोपर्यंत स्कीच्या तळाला सीलच्या कातड्याच्या पट्ट्या बांधून तासन्‌तास चढायचं आणि काही मिनिटांत उतरायचं, असा हिशेब होता. लिफ्टने चढणं काढून टाकलं आणि एका दिवसात जितकं उतरता येई त्याच्या कित्येक पट उतरणं शक्य झालं. सराव वाढला, गर्दी वाढली आणि शिक्षकांची गरजही वाढली.

युद्धानंतर शिकवण्याची परंपरा सेंट क्रिस्टोफच्या सरकारी क्रीडा-केंद्रात पुढे गेली. तिथले प्रमुख श्टेफान क्रुकेनहाउझर नाणावलेले छायाचित्रकारही होते. दोन्ही स्की जोडून उतारावर लहान लहान लयदार वळणं घेण्याची ‘वेडेल्न’ ही शैली त्यांनी अभ्यासून १९५०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या अभ्यासक्रमात बसवली. स्की-शिक्षकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९५१ मध्ये त्स्युर्सलाच भरली होती.

पुढे उतारांवर स्नोबोर्ड आला; त्याचा जन्म मात्र इथला नव्हे. १९६५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन यांनी मुलीसाठी दोन स्की जोडून एक पाटी केली. १९७७ पासून जेक बर्टन यांनी व्हर्मॉन्टमध्ये पाय जखडता येतील अशा पाट्या बनवायला सुरुवात केली. बहुतेक स्की-क्षेत्रांनी स्नोबोर्डवाल्या पोरांना आधी उतारावर येऊच दिलं नाही. १९९८च्या नागानो ऑलिंपिकमध्ये हा खेळ पदकांचा झाला, तेव्हा तो वाद बहुतांशी मिटला. स्कीत तोंड पुढे असतं आणि दोन पाय मोकळे असतात. स्नोबोर्डवर दोन्ही पाय एकाच पाटीला बांधलेले आणि शरीर आडवं असतं. तरी पहिला धडा तोच: पाटी उताराला आडवी धरायची, वरची कड बर्फात रुतवायची आणि हळूहळू घसरत थांबायचं. खेळ बदलला तरी श्नायडरचा क्रम मोडला नाही.

डोंगर बंद करण्याचा अधिकार

वायव्येकडून येणारे ओले वारे आर्लबर्गच्या भिंतीवर आदळतात, म्हणून इथे बर्फ फार पडतो. या खेळाचं भाग्य आणि भय दोन्ही त्यातच आहे. जानेवारी १९५४ मध्ये फोरार्लबर्गमध्ये लागोपाठ हिमस्खलनं होऊन शंभराहून अधिक माणसं गेली. ब्लोन्स हे छोटं गाव सर्वांत जास्त भरडलं गेलं. फेब्रुवारी १९९९ मध्ये शेजारच्या पात्स्नाउन खोऱ्यात गाल्ट्युर आणि फाल्त्सुर इथे ३८ जण मेले.

सर्वांत घातक असतं ते थराचं स्खलन. बर्फाच्या घट्ट थराखाली एखादा ठिसूळ थर दबलेला असतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर त्याला एका माणसाच्या वजनाचा धक्का पुरतो आणि वरची सारी लादी तुटून निघते. गाडला गेलेला माणूस पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढला तर बहुधा जगतो. त्यानंतर ही शक्यता झपाट्याने घसरते. म्हणूनच आखलेल्या उताराबाहेर जाणारा प्रत्येक जण अंगावर सिग्नल देणारं यंत्र, पिशवीत फावडं आणि टोचून पाहण्याची लांब सळई बाळगतो. सोबत्यांना ती वापरता येणं तितकंच गरजेचं असतं.

गावागावांत हिमस्खलन समित्या असतात. बर्फाचे थर खणून पाहायचे, वारा आणि तापमान टिपायचं, धोक्याच्या उतारांवर पहाटे स्फोट घडवून बर्फ आधीच पाडून टाकायचा आणि तेवढ्याने भागलं नाही तर उतार बंद, रस्ता बंद. लेशकडे जाणारा फ्लेक्सन खिंडीचा रस्ता मोठ्या हिमवर्षावात बंद होतो आणि गाव जगापासून तुटतं. सुटीच्या ऐन दिवसांत लाखोंचं उत्पन्न बुडतं, तरी समितीचा शब्द मोडला जात नाही. हाच या प्रदेशाने अंगी बाणवलेला थांबण्याचा धडा.

बर्फच आटतो तेव्हा

आता प्रश्न याहून मोठा झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपासून आल्प्सचं तापमान सुमारे दोन अंशांनी वाढलं आहे, म्हणजे जगाच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. १९७१ ते २०१९ या काळातल्या नोंदी सांगतात, की नोव्हेंबर ते मे दरम्यानची बर्फाची खोली आल्प्समध्ये दर दशकाला सरासरी ८.४ टक्क्यांनी घटत गेली. युरोपातल्या २८ देशांमधल्या २,२३४ स्की-क्षेत्रांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार जग दोन अंशांनी तापलं तर कृत्रिम बर्फाविना त्यांपैकी ५३ टक्के क्षेत्रांना बर्फटंचाईचा अतिशय मोठा धोका आहे आणि चार अंशांनी तापलं तर ९८ टक्क्यांना.

कृत्रिम बर्फाच्या तोफा पाण्याचे बारीक तुषार थंड हवेत उडवतात आणि ते जमिनीवर पडेपर्यंत गोठतात. त्यासाठी पाणी, वीज आणि मुख्य म्हणजे थंडी लागते. हवा दमट असेल तर आणखी जास्त थंडी. ज्या हिवाळ्यात थंडीच पडत नाही, त्यात तोफा मुक्या राहतात. आर्लबर्गला उंचीचा आणि मुबलक बर्फाचा आधार आहे. म्हणूनच खालच्या उंचीवरची क्षेत्रं मोडतील तसा इथला लोंढा वाढण्याची भीती आहे.

लेश-त्स्युर्सने यावर फार पूर्वीच एक पाऊल उचललं. तिथल्या उतारांवर एका वेळी १४,००० पेक्षा जास्त स्कीपटू नकोत असं ठरवून, ती संख्या भरली की दिवसाच्या पाहुण्यांना तिकीट नाकारलं जातं. जंगलाच्या तोडीतून निघणाऱ्या लाकडावर गावाला ऊब देणारी केंद्रंही तिथे उभी आहेत. पण त्याच प्रदेशाने २०१३ आणि २०१६ मध्ये नवे रोपवे टाकून क्षेत्र वाढवलं, हेही खरं आहे. जोडणी वाढवायची आणि गर्दी रोखायची, या दोन इच्छा फार काळ एकत्र नांदणार नाहीत.

हा प्रश्न आपल्यासाठी परका नाही. गुलमर्गला ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ मध्येच स्की क्लब काढला होता. १९६०च्या दशकात सरकारने हिवाळी खेळांसाठी हीच जागा निवडून तिथे प्रशिक्षण संस्था सुरू केली. आज गोंडोला रोपवे अफरवट डोंगराच्या सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंत जातो आणि तिथल्या आरिफ खानने २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये एकट्याने भारताचं प्रतिनिधित्व केलं. त्याच अफरवटच्या हिमस्खलनात २०२३ मध्ये दोन परदेशी स्कीपटू गेले. गोंडोला पैशाने उभा करता येतो. उतार बंद म्हटल्यावर बंदच ठेवणारी समिती आणि आधी थांबायला शिकवून मगच वर सोडणारे शिक्षक घडवायला पिढ्या लागतात. आर्लबर्गकडून घ्यायचं ते हे. आणि आर्लबर्गनेही आपल्या गावच्या मास्तरचा पहिला धडा आता स्वतःच्या वाढीला लावायला हवा. उताराला मर्यादा असते हे तिथल्या प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. ती नगरपालिकेच्या आणि लिफ्ट-कंपन्यांच्या हिशेबातही आली, तरच पुढच्या पिढीला शिकवायला बर्फ उरेल.