रॉटवायलर कुणाला चावला, तर ‘कुत्र्याचा विमा’ पैसे देतो का?

समजा, कळंब तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर राखणीला रॉटवायलर आहे. एक दिवस साखळी तुटते आणि तो रस्त्यानं जाणाऱ्या माणसाच्या पोटरीचा लचका तोडतो. मालकानं कुत्र्याचा विमा काढलेला आहे. मग जखमी माणसाचा खर्च कंपनी देईल?

साधी पॉलिसी असेल, तर नाही. कुत्र्याचा विमा हा मुळात कुत्र्यासाठी असतो. त्याचं आजारपण, ऑपरेशन, मृत्यू यांसाठी. तो दुसऱ्याला चावला तर भरपाई देणारा भाग वेगळा, त्याला थर्ड पार्टी कव्हर म्हणतात. गाडीला ते सक्तीचं आहे, कुत्र्याला नाही. बऱ्याचदा ते जादा पैसे भरून घ्यावं लागतं.

हप्ता ठरतो तो विम्याची रक्कम, कुत्र्याचं वय आणि जात किंवा आकार पाहून. थोराड कुत्र्याचे उपचार महाग, म्हणून हप्ताही जास्त.

परदेशात गणित उलटं आहे. तिथं भीती चाव्याची. अमेरिकेत 2023 मध्ये कुत्र्यांमुळे झालेल्या दुखापतींपोटी विमा कंपन्यांनी 100 कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम दिली. त्यामुळे काही कंपन्या पिटबुल असलेल्या घराचाच विमा नाकारतात. इंग्लंडमध्ये एक्सएल बुली पाळायचा, तर 2024 पासून थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे.

आपल्याकडे 12 मार्च 2024 ला केंद्रानं 23 जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते रद्द केलं. पण जात कोणतीही असो, जबाबदारी मालकाचीच. निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा दंड विमा कंपनी भरत नाही.

रेबीजची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पण बुडालेली मजुरी आणि खोल जखमेवरचे पुढचे उपचार? त्यासाठी जखमी माणूस मालकावर दिवाणी दावा लावू शकतो. थर्ड पार्टी कव्हरचा उपयोग खरा इथं.

त्यातही एक मेख आहे. घरचे लोक आणि पगारी नोकर सहसा ‘थर्ड पार्टी’त धरत नाहीत. आणि शेतावर कुत्र्याच्या सगळ्यात जवळ वावरतो तो सालगडीच! एजंटला हे आधी विचारा. लसीकरणाची तारीख चुकली तर क्लेम अडतो का, तेही विचारून ठेवा.