समुद्रावरून जाणारा रस्ता

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीहून कोकणचा किंवा गोव्याचा किनारा गाठायचा, तर एमएच २६ पासिंगच्या गाडीला महाराष्ट्राची जवळजवळ सगळी रुंदी ओलांडावी लागते. एवढ्या प्रवासाला माणसे गाडी काढतात ती ऐटीसाठी नव्हे. घरात गुडघे धरलेली आजी असते, लहान मूल असते, सोबत दशम्या-धपाट्यांचा डबा आणि औषधांची पिशवी असते. चार-पाच जणांच्या बस-रेल्वेच्या तिकिटांशी हिशेब जुळवला तर घरची गाडी परवडतेही. अशी गाडी पाण्याच्या काठाशी येऊन थांबते तेव्हा खरा प्रश्न उभा राहतो. पलीकडे बेट आहे किंवा खाडीपल्याडचा तालुका आहे. मध्ये पूल नाही, पण गाड्या नेणारी फेरीबोट आहे. या पाण्याच्या पट्ट्याला आपण काय समजायचे? आपल्याकडे त्याला सहलीचा एक भाग समजतात. माझे म्हणणे असे की तो रस्त्याचाच तुकडा आहे, आणि त्याचे भाडे, वेळापत्रक आणि सुरक्षितता या तिन्ही गोष्टी रस्त्याच्या न्यायाने ठरायला हव्यात. गाड्या वाहणाऱ्या बोटी जिथे नीट चालल्या आणि जिथे बिघडल्या, त्या दोन्ही ठिकाणांचा अनुभव याच बाजूने बोलतो.

स्वतःच्या गाडीसकट बेटावर जाण्याचा सर्वांत सोपा अनुभव मराठी माणसाला मिळतो तो गोव्यात, मांडवी नदीतल्या चोडण आणि दिवाडी या बेटांवर. चोडणला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. दिवाडीवर सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान होते. पोर्तुगीजांनी ते देऊळ पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्वे येथे नेला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी केला. जुने गोवे आणि रायबंदर इथल्या धक्क्यांवरून सरकारच्या नदी परिवहन खात्याच्या फेरीबोटी सुटतात आणि काही मिनिटांत पलीकडे लागतात. पायी जाणाऱ्याला तिथे तिकीट पडत नाही. बेटावरच्या माणसाला दवाखाना, शाळा, बाजार गाठायला दुसरी जवळची वाट नाही, म्हणून ही वाट मोकळी ठेवायची, हे धोरण गोव्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. महाराष्ट्रात हेच काम खाजगी उद्यमाने केले. वाशिष्ठीच्या मुखावर दाभोळ ते धोपावे ही गाड्या नेणारी फेरी २००३ मध्ये सुरू झाली आणि दापोलीहून गुहागरला जाताना चिपळूणमार्गे पडणारा मोठा वळसा वाचला. पुढे सावित्रीच्या खाडीवर वेश्वी ते बागमांडला, राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, शास्त्रीच्या मुखावर जयगड ते तवसाळ अशा फेऱ्या आल्या. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोठी रो-रो बोट सुरू झाली. अलिबागकडे जायला रस्त्याने शंभर किलोमीटरच्या आसपास पडतात. बोटीने तासाभराचे काम.

रो-रो म्हणजे काय, ते समजून घेतले की पुढचा वाद समजायला सोपा जातो. साध्या मालवाहू बोटीत सामान क्रेनने चढवतात. रो-रो बोटीत गाडी स्वतःच्या चाकांवर रॅम्पवरून आत जाते आणि पलीकडे स्वतःच्या चाकांवर उतरते. त्यासाठी बोटीच्या पोटात या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळा मजला लागतो. हा मोकळेपणाच तिची सोय आहे आणि तोच तिचा धोका. इतर जहाजांत आडव्या भिंती घालून कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरले तरी बाकीचे कोरडे राहतात. गाड्यांच्या मजल्यावर अशा भिंती घालता येत नाहीत. तिथे वीतभर पाणी शिरले, तरी पाण्याने भरलेली परात उचलताना जे होते ते होते: बोट किंचित कलली की सगळे पाणी त्या बाजूला धावते आणि तिला आणखी कलवते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ ही बोट पुढचे दार उघडे ठेवूनच निघाली आणि काही मिनिटांत आडवी झाली. १९३ माणसे गेली. १९९४ मध्ये बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’चे पुढचे दार लाटांनी तुटले आणि ८५२ जण बुडाले. २०१४ मध्ये दक्षिण कोरियात ‘सेवॉल’वर मर्यादेपेक्षा जास्त माल होता आणि तो नीट बांधलेला नव्हता; वळण घेताना तो सरकला, ३०४ जीव गेले आणि त्यांत बहुतेक शाळेची मुले होती. म्हणून लांबच्या समुद्रप्रवासात हँडब्रेक ओढून, गाडी गिअरमध्ये ठेवून, इंजिन बंद करून सर्वांनी वरच्या मजल्यावर जायचे असते. चाके साखळ्या-पट्ट्यांनी जखडली जातात. हे नियम कडक वाटले तरी त्यांतला प्रत्येक नियम माणसे गमावून शिकलेला आहे.

आता भाड्याचा प्रश्न. २०२५ मध्ये राज्य सरकारने मुंबईहून रत्नागिरीतल्या जयगडला आणि सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गला गाड्यांसकट नेणारी वेगवान रो-रो सेवा जाहीर केली. २५ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाची बोट आणि विजयदुर्गला पाच-साडेपाच तास, असे सांगितले गेले. आपल्या किनाऱ्यावरचा लांब पल्ल्याचा मोटारप्रवास म्हणावा असा हा बेत. त्या वेळी जाहीर झालेले दर पाहिले तर मोटारीला ६,००० रुपये आणि माणसाचे सर्वांत स्वस्त तिकीट २,५०० रुपये. चार जणांचे कुटुंब गाडीसह एका बाजूने गेले की १६,००० रुपये. मुंबई ते विजयदुर्ग हे अंतर रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला पेट्रोलचे तीन-सव्वातीन हजार लागतात. सुमारे पाचपटीचा हा फरक सुट्टीच्या मौजेसाठी कोणी एकदा देईल. गावी जाण्याची नेहमीची वाट म्हणून कोणी देणार नाही. बोट चालवणाऱ्याला मी यात दोष देत नाही. जहाजाचा वेग वाढवला की इंजिनाला लागणारी शक्ती साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे वेगवान बोटीचे डिझेलच अफाट असते. हीच बोट १५ नॉटने चालवली, तर तेवढ्याच अंतराला निम्म्याहून कमी इंधन पुरेल आणि प्रवास साडेआठ-नऊ तासांचा होईल. संध्याकाळी मुंबईत चढायचे आणि सकाळी विजयदुर्गला उतरायचे. उमरीहून दिवसभर गाडी हाकत आलेल्या माणसाला रात्रीची झोप मिळणे हे तीन-चार तास वाचण्यापेक्षा मोलाचे आहे, असे मला ठामपणे वाटते. ‘कोकणसेवक’ आणि ‘कोकणशक्ती’ या जुन्या बोटींनी मुंबई ते पणजीची वाहतूक वर्षानुवर्षे केली. रात्र बोटीवर काढणे कोकणाला नवे नाही.

इंधन कमी केले तरी भाडे रस्त्याच्या पातळीवर येणार नाही, हे खरे. मग उरलेली तफावत कोणी भरायची? याचे उत्तर तीन देशांनी तीन तऱ्हांनी दिले आहे. न्यूफाउंडलंड हे बेट १९४९ मध्ये कॅनडात सामील झाले. त्या वेळच्या अटींत पलीकडच्या नॉर्थ सिडनीपासून बेटावरच्या पोर्ट ओ बास्कपर्यंत बोटसेवा चालवण्याची जबाबदारी केंद्र सरकारने घेतली, आणि बेटावर मोटाररस्ता पूर्ण झाला की बोटीत गाड्यांचीही सोय करू, हेसुद्धा लिहून दिले. हा मजकूर कॅनडाच्या राज्यघटनेचा भाग आहे. ऑस्ट्रेलियाने टास्मानियासाठी १९९६ मध्ये एक योजना आणली. बास सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या गाडीच्या भाड्यात केंद्र सरकार सूट देते. तेवढाच हमरस्ता कापायला जो खर्च येईल त्याच्याशी बोटीचा खर्च जुळवावा, ही त्यामागची कल्पना. स्कॉटलंडने २००८ मध्ये पश्चिमेकडच्या बेटांसाठी प्रयोग सुरू केला आणि पुढे तो वाढवला: मैलामागे रस्त्यावर गाडी चालवायला जेवढा खर्च येतो, त्या हिशेबावर बोटीचे भाडे बांधायचे. तिन्ही ठिकाणी राजकारण वेगळे, पैसा वेगळा, पण गृहीतक एकच आहे. मध्ये समुद्र आला म्हणून नागरिकाला त्याच अंतराचे जास्त पैसे पडू नयेत.

उमरीतला माणूस इथे रास्त हरकत घेईल. आमच्या रस्त्यांचे खड्डे बुजत नाहीत, मग कोकणातल्या बोटीला आमच्या करातून पैसा का? पण हेच तत्त्व आपण एसटीसाठी कधीच मान्य केले आहे. वाडी-तांड्यावर जाणारी गाडी तोट्यात असली तरी ती जावी, असे आपण म्हणतो. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून मोफत आणि महिलांना २०२३ पासून निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो आणि त्याचा भार राज्य उचलते. तो भार मुंबईचा करदाताही उचलतो आणि फायदा उमरीपर्यंत पोचतो. फायदा न देणारी वाट सरकारने पोसावी, हा हक्क मराठवाड्याने रेल्वे आणि रस्त्यांसाठी वर्षानुवर्षे मागितला. तो मागणाऱ्याने खाडीपलीकडच्या गावाला नाकारला, तर आपल्याच मागणीचा पाया उखडतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे. सरकारने पैसा ओतला म्हणजे सेवा सुधारते, असे नाही. स्कॉटलंडमध्ये भाडी उतरल्यावर गाड्या वाढल्या आणि उन्हाळ्यात काही बेटांवरच्या रहिवाशांनाच बोटीत जागा मिळेना. जुन्या बोटी बिघडत राहिल्या आणि २०१५ मध्ये मागवलेली ‘ग्लेन सॅनॉक्स’ ही नवी बोट प्रत्यक्ष सेवेत यायला जानेवारी २०२५ उजाडला. टास्मानियासाठी फिनलंडमध्ये नवी बोट तयार झाली, पण डेव्हनपोर्टचा नवा धक्का वेळेत झाला नाही. बोट युरोपातच थांबवून ठेवावी लागली. आपल्या शेजारी गुजरातेत भावनगरजवळच्या घोघा बंदरापासून खंबातच्या आखातापलीकडच्या दहेजपर्यंत २०१८ मध्ये गाड्या नेणारी बोट सुरू झाली. नर्मदेच्या मुखाशी गाळ इतका साचला की बोटीला पुरेसे खोल पाणीच राहिना. सेवा थांबली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये दहेजऐवजी सुरतजवळच्या हजीराकडे वळवावी लागली. तिथे मात्र रस्त्याचे ३७० किलोमीटर वाचून समुद्राचे ९० उरतात. या तिन्ही उदाहरणांत गाड्या बोटीवर चढायला तयार होत्या आणि अडले ते जहाज, धक्का आणि गाळ या बिनचर्चेच्या गोष्टींवर. म्हणून तत्त्व सोडायचे नाही, क्रम बदलायचा. आधी खोली, धक्का आणि बिघाडाच्या वेळी धावणारी दुसरी बोट, मग भाड्यातली सूट. रस्ता खचला तर बांधकाम खात्याला जाब विचारतो, तसाच धक्क्यापाशी गाळ साचला तर बंदर खात्याला विचारता आला पाहिजे.

पूल बांधले की बोटी हव्यात कशाला, असेही विचारले जाते. रेवस ते रेडी या सागरी महामार्गावर खाड्यांवर पुलांचे बेत आहेत आणि जिथे पूल शक्य आहे तिथे तो व्हावाच. अर्ध्या रात्री बाळंतिणीला न्यायचे असेल तर फेरीबोटीच्या शेवटच्या फेरीची वेळ पाहत बसता येत नाही. २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला आणि अलिबागची वाट सोपी झाली. तरी मुंबई ते विजयदुर्ग पूल होणार नाही, आणि बेटांचे तर प्रत्येकाचे गणित निराळे आहे. लक्षद्वीपची सगळी बेटे मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. तिथे बाहेरची मोटार नेण्यात अर्थ नाही आणि ती जाऊही नये. माथेरानला आपण डोंगरावर हाच नियम पाळतो आणि त्यामुळे ते माथेरान राहिले आहे. अंदमान मोठे आहे, पण चेन्नईहून बोटीला सुमारे १,२०० किलोमीटर आणि अडीच दिवस लागतात. पर्यटकाने तिथे उतरून भाड्याची गाडी घ्यावी हेच शहाणपणाचे. टास्मानियाचे क्षेत्रफळ ६८,००० चौरस किलोमीटरच्या घरात, म्हणजे मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांपेक्षा थोडे जास्त. अशा बेटावर गाडीवाचून चालत नाही. गाड्या लोटतील म्हणून बोटच नको, हे चोडण-दिवाडीच्या रहिवाशाला सांगता येणार नाही. पण सुट्टीच्या दिवशी बाहेरच्या गाड्यांची संख्या बांधून देणे आणि रहिवाशाची जागा राखून ठेवणे बोटीच्या धक्क्यावर करता येते. पुलाच्या तोंडाशी ते जवळजवळ अशक्य असते.

राहिला पाऊस आणि उधाण. जून ते ऑगस्ट खवळलेल्या समुद्रात बोट निघू नये, यावर वाद नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. पावसाळी समुद्राशी जबरदस्ती करायची नसते, हे या किनाऱ्याला पुन्हा शिकवायची गरज नाही. पण बोट रद्द झाली की तिचा फटका सारखा बसत नाही. मुंबईकर घरी परत जातो. उमरीहून सहाशे किलोमीटर आलेले कुटुंब लॉजचे भाडे भरत अनोळखी शहरात अडकते किंवा घाट उतरत आणखी एक दिवस रस्त्यावर घालवते. म्हणून विजयदुर्गसारख्या लांब फेरीचा निर्णय हवामान खात्याचा अंदाज पाहून आदल्या संध्याकाळी प्रवाशाच्या मोबाइलवर यावा, फेरी रद्द झाली तर गाडीसकट सगळे भाडे अर्जविनंतीशिवाय परत मिळावे, किंवा त्याच तिकिटावर पुढच्या बोटीत आधी जागा मिळावी. सुरुवातीच्या परवान्यातच या अटी घातल्या, तर त्यांचा खर्च फारसा येणार नाही. सेवा सुरू झाल्यावर त्या घुसवणे अवघड जाते, म्हणून त्या आत्ताच लिहून घ्यायला हव्यात.